टेक्स्ट एडिटर की आयडीई: भाषा, बिल्ड आणि मशीन बघून कसं ठरवायचं?

अर्धविराम

हा वाद जुना आहे आणि बहुतेक वेळा सवयीवर येऊन अडतो. (आयडीई म्हणजे एडिटर, कम्पायलर, डीबगर असं सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये बांधलेलं साधन.) इथे सवय बाजूला ठेवून कामाच्या अंगाने बोलू या. समोर एक ठोस उदाहरण ठेवतो. एकाच रेपोमध्ये (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) तीन भाग आहेत: ग्रेडल या साधनावर बिल्ड होणारी जावाची सर्व्हिस, साधारण दोन लाख ओळींची, पायथनच्या स्क्रिप्ट्स, आणि सीमेक या बिल्ड साधनावर चालणारी सी++ लायब्ररी. टीममध्ये काही मशीन ८ जीबी रॅमची, काही ३२ जीबीची. थोडं काम एसएसएचने (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीने) थेट सर्व्हरवर.

व्हीएस कोड किंवा निओव्हिमला एक्स्टेन्शन्स जोडली की तो आयडीई होतो का, की तरीही काही उणं राहतं? कमी रॅमवर एडिटर खरोखर हलका पडतो का? आणि टीममध्ये प्रत्येकाने आपापलं हत्यार वापरलं तर नेमकं काय बिघडतं? कृपया "मला हे आवडतं" यापेक्षा कारणं लिहा.

बिंदुसार

दोघांमधली रेघ कुठे पुसली गेली ते आधी सांगतो, बाकीचं त्यावरच उभं आहे.

व्हीआय आणि ईमॅक्स दोन्ही १९७६ चे. त्यांचं काम मजकूर हाताळणं; कम्पायलर बाहेरचा. १९८३ च्या टर्बो पास्कलने एडिटर आणि कम्पायलर एकाच प्रोग्रॅममध्ये आणले. पुढे आयडीईने भाषेची समज स्वतःच्या पोटातच ठेवली. जावासाठीचा आयडीई इंटेलिजे आजही कोड स्वतः पार्स करतो (त्याची रचना उलगडतो), स्वतःचा इंडेक्स (कुठलं नाव कुठे आहे त्याची सूची) ठेवतो.

२०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर झाला आणि ही समज वेगळ्या प्रोसेसमध्ये काढता आली. एडिटर जेसॉनमध्ये निरोप पाठवतो: ही फाइल उघडली, ही ओळ बदलली, अमुक ओळीच्या अमुक स्तंभातल्या नावाची व्याख्या कुठे आहे? उत्तर सर्व्हर देतो. आधी १० एडिटर आणि २० भाषा असतील तर २०० जोडण्या लिहाव्या लागायच्या, आता ३० पुरतात.

त्यामुळे "एडिटर चांगला की आयडीई" यापेक्षा "या भाषेचा सर्व्हर कसा आहे" हे आधी विचारायला हवं. गोसाठी गोपीएलएस, रस्टसाठी रस्ट ॲनालायझर, सी++साठी क्लँगडी हे तिन्ही भक्कम आहेत. तिथे एडिटर घेणाऱ्याचं फारसं अडत नाही. जावासाठी व्हीएस कोडचं नेहमीचं एक्स्टेन्शन जो सर्व्हर चालवतं, तो म्हणजे एक्लिप्स या जावा आयडीईचाच गाभा, खिडकीशिवाय. तिथे तुम्ही एडिटर निवडलेला नसतो, वेगळ्या वेष्टनातला आयडीई निवडलेला असतो.

उणं काय राहतं, तर प्रोटोकॉलमध्ये जे बसत नाही ते. व्याख्येकडे जाणं, सगळे वापर शोधणं, नाव बदलणं, छोट्या दुरुस्त्या सुचवणं हे सगळं बसतं. पण मेथडचे पॅरामीटर मागेपुढे करायचे, नवा घालायचा, जुन्या कॉल्समध्ये कुठली किंमत भरायची हे विचारायचं, अशा संवादासाठी प्रोटोकॉलमध्ये प्रमाण रचना नाही. एखादा सर्व्हर स्वतःचे जादा निरोप बनवतो आणि मग ते एखाद्याच एडिटरमध्ये चालतात.

कंसपूर्ण

बिंदुसार यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोर देतो, कारण दोन लाख ओळींच्या जावामध्ये रोजचा वेळ तिथेच जातो. क्लासचं नाव बदलायचं असेल तर इंटेलिजे कोडबरोबर एक्सएमएल आणि इतर कॉन्फिग फाइल्समधले उल्लेखही पकडतो आणि बदलाआधी यादी दाखवतो. त्या खिडकीत "कॉमेंट आणि स्ट्रिंगमध्येही शोधा" असा पर्याय असतो. नाव "डेटा" किंवा "आयटम" इतकं सर्वसाधारण असेल तर तो बंदच ठेवा, नाहीतर भलत्याच स्ट्रिंग बदलतील. नाव वेगळं, ओळखू येणारं असेल तर चालू करा आणि यादी एकदा डोळ्याखालून घाला.

पायथनमध्ये मात्र कुठल्याच साधनावर पूर्ण विसंबू नका. ॲट्रिब्यूटचं नाव स्ट्रिंगमधून बनवून गेटॲट्रने वाचलं असेल तर आयडीईलाही ते दिसत नाही. तिथे टेस्ट्सच राखण करतात.

डीबगरबद्दल दोन गोष्टी. जावाचं हॉटस्वॅप (चालू प्रोग्रॅममध्येच कोड बदलणं) फक्त मेथडच्या आतला मजकूर बदलू देतं. नवं फील्ड किंवा नवी मेथड घातली की बदल नाकारला जातो आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू करावा लागतो. आणि डीबग करताना प्रोग्रॅम एकाएकी कूर्मगतीने चालू लागला तर ब्रेकपॉइंटची (प्रोग्रॅम थांबवण्याच्या खुणांची) यादी उघडून मेथड ब्रेकपॉइंट आहे का ते बघा. चुकून मेथडच्या सहीच्या ओळीवर क्लिक झालं की तो लागतो. तो काढून आतल्या पहिल्या ओळीवर साधा लावा.

जावाच्या भागासाठी माझं मत सरळ आहे: आयडीई.

पाठशोधक

रॅमचा प्रश्न. "व्हिम काही एमबीत चालतो" हे खरं, पण अर्धवट. त्याच्या मागे क्लँगडी मोठ्या सी++ प्रोजेक्टचा इंडेक्स बांधत असेल तर तो एकटा दोन-तीन जीबीवर सहज जातो. मोजायचं असेल तर एडिटर, त्याचे सर्व्हर आणि बिल्डची प्रोसेस यांची बेरीज मोजा. व्हीएस कोडमध्ये जावा उघडला की एडिटरचं स्वतःचं ओझं, जावा सर्व्हरचं जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) आणि ग्रेडल डीमनचं (मागे चालू राहणाऱ्या प्रोसेसचं) आणखी एक जेव्हीएम असे तिघे बसतात. इंटेलिजेच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कमाल हीप (जावा प्रोग्रॅमला मिळणारी मेमरी) मुळात २०४८ एमबी असते, आणि एकूण प्रोसेस त्याहून मोठी होते. म्हणजे ८ जीबीवर जावासाठी दोघांत फारसा फरक उरत नाही.

फरक पडतो तो पुढच्या गोष्टींनी.

बिल्डचं आउटपुट, नोड मॉड्यूल्स आणि डेटाची फोल्डर्स इंडेक्समधून वगळा. इंटेलिजेमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून "मार्क डिरेक्टरी ॲज", मग "एक्सक्लूडेड". व्हीएस कोडमध्ये दोन वेगळी सेटिंग्ज आहेत, एक शोधासाठी (सर्च एक्सक्लूड) आणि एक फाइल्सवर नजर ठेवण्यासाठी (फाइल्स वॉचर एक्सक्लूड). बरेच जण पहिलं भरतात आणि दुसरं विसरतात.

८ जीबीच्या मशीनवर आख्खा रेपो उघडू नका, ज्या मॉड्यूलवर काम आहे तेवढंच उघडा. हीप ४ जीबी करून ठेवण्याचा मोहही टाळा. ब्राउझर आणि ग्रेडल मिळून मशीन स्वॅपवर (रॅमऐवजी डिस्कवर) जातं आणि आयडीई आधीपेक्षा मंद होतो. हीप वाढवायची ती "लो मेमरी"ची सूचना वारंवार येत असेल आणि रॅम खरोखर मोकळी असेल तरच.

क्लँगडी मुळात सगळे कोअर वापरतो. "-j" या झेंड्याने (कमांडला जोडायच्या पर्यायाने) त्याला दोन थ्रेड द्या. इंडेक्स उशिरा पूर्ण होईल पण तोवर मशीन वापरता येईल. तो इंडेक्स डिस्कवर प्रोजेक्टच्या कॅश फोल्डरमध्ये राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावा लागत नाही. गिट इग्नोरमध्ये ते फोल्डर घालायला विसरू नका.

निळाकर्सर

सी++च्या भागावर सविस्तर लिहितो, कारण "एडिटरमध्ये सी++ नीट चालत नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी असतं: सर्व्हरला बिल्डचे झेंडे माहीतच नसतात. कुठली हेडर्स कुठल्या फोल्डरमध्ये, भाषेचं मानक कोणतं, कुठले मॅक्रो लागू, हे न कळल्याने पहिल्या इन्क्लूडपासूनच लाल रेघा दिसतात.

क्लँगडी ही माहिती "कम्पाइल कमांड्स" नावाच्या जेसॉन फाइलमधून वाचतो. सीमेकमध्ये "सीमेक एक्स्पोर्ट कम्पाइल कमांड्स" हा पर्याय ऑन करून कॉन्फिगर करा, फाइल बिल्ड फोल्डरमध्ये तयार होते. हा पर्याय मेकफाइल आणि निंजा या जनरेटरनाच लागू आहे. व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर निवडला तर फाइल बनत नाही आणि कुठली त्रुटीही दिसत नाही. क्लँगडी सोर्स फाइलच्या वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये आणि तिथल्या "बिल्ड" नावाच्या उपफोल्डरमध्ये शोधतो. तुमच्या बिल्ड फोल्डरचं नाव दुसरं असेल तर रेपोच्या मुळाशी त्या फाइलची सिमलिंक (दुवा) द्या.

नुसती मेकफाइल असेल तर बेअर हे साधन वापरा. आधी मेक क्लीन, मग बेअरमार्फत मेक. क्लीन गाळलं तर बेअरला फक्त तेवढ्या वेळी कम्पाइल झालेल्याच फाइल्स दिसतात आणि अर्धवट यादी बनते. "काही फाइल्समध्ये चालतं, काहींमध्ये नाही" हे त्याचंच लक्षण.

क्रॉस कम्पायलर (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बनवणारा) असेल तर क्लँगडीला "क्वेरी ड्रायव्हर" झेंड्याने त्या कम्पायलरचा पाथ द्यावा लागतो, तेव्हाच तो त्याची सिस्टिम हेडर्स विचारून घेतो. जीसीसीचे जे झेंडे क्लँगला कळत नाहीत ते क्लँगडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये "रिमूव्ह"खाली टाका. शेवटी टर्मिनलवर क्लँगडीला "चेक" पर्यायासह एक फाइल देऊन चालवा. कुठली कमांड सापडली आणि कुठे अडलं ते स्वच्छ लिहून येतं.

हेच तत्त्व पायथनला. "इम्पोर्ट सापडत नाही" असं पायराइट (पायथनचा लँग्वेज सर्व्हर) म्हणतो तेव्हा तो चुकीच्या इंटरप्रिटरकडे बघत असतो. व्हीएस कोडमध्ये "सिलेक्ट इंटरप्रिटर"ने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट निवडा. टर्मिनलमधला एडिटर ते एन्व्हायर्नमेंट चालू केल्यावरच उघडा. आणखी एक फसवी जागा: एडिटेबल इन्स्टॉल (पॅकेज त्याच्या सोर्स फोल्डरमधूनच वापरणं). सेटअपटूल्सच्या नव्या आवृत्त्या त्यासाठी इम्पोर्ट हुक वापरतात. प्रोग्रॅम चालतो, पण पायराइट कोड चालवत नसल्यामुळे त्याला तो पाथ दिसत नाही. पिपला कॉन्फिग सेटिंगमध्ये "एडिटेबल मोड कॉम्पॅट" दिलं की साधी पाथ फाइल बनते आणि इम्पोर्ट सापडतात.

आयडीईही यातून सुटलेला नाही. टर्मिनलवर ग्रेडल चालतं आणि इंटेलिजेमध्ये इम्पोर्ट पडतं, तेव्हा आधी सेटिंग्जमधलं "ग्रेडल जेव्हीएम" आणि टर्मिनलमधलं जावा होम एकच आहेत का ते पाहा.

लूपधारी

सर्व्हरवरच्या कामाबद्दल. व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच आणि जेटब्रेन्सचं गेटवे, दोघेही जड भाग सर्व्हरवरच चालवतात. तुमचा लॅपटॉप हलका होतो, पण सर्व्हरची रॅम खर्ची पडते. पाच जणांनी एकाच छोट्या सर्व्हरवर असे सत्र उघडले तर त्यावर चालणाऱ्या मूळ सेवेला फटका बसतो. व्हीएस कोडच्या रिमोट सर्व्हरला आता ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा पुढची लागते, त्यामुळे सेंटओएस ७ सारख्या जुन्या लिनक्सवर तो जोडला जात नाही. तिथे टीमक्समध्ये (टर्मिनलची सत्रं सांभाळणारं साधन) व्हिम हाच सुटसुटीत मार्ग. टीमक्स अशासाठी की जोडणी तुटली तरी सत्र सर्व्हरवर जिवंत राहतं.

एसएसएचएफएसने रिमोट फोल्डर लॅपटॉपवर माउंट करून त्यावर आयडीई उघडणं टाळा. इंडेक्सिंग म्हणजे हजारो फाइल्सची चौकशी, आणि प्रत्येक चौकशी नेटवर्कवरून जाते. शिवाय दुसऱ्या टोकाला फाइल बदलली तर त्याची सूचना इकडे येतच नाही.

लिनक्सवर "मोठ्या वर्कस्पेसमधले बदल पाहता येत नाहीत" अशी सूचना आली तर आयनोटिफायची (फाइल बदलल्याची सूचना देणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) मर्यादा संपलेली असते. मॅक्स यूजर वॉचेस ५२४२८८ करा, पण आधी पाठशोधक यांनी सांगितलेलं वॉचरचं वगळणं करा. बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

हळूवार

कंसपूर्ण, जावापुरतं मान्य. पण "डीबगर हवा म्हणून आयडीई" हे कारण बाकी दोन भागांना लागू होत नाही. डीबगरसाठीही तसाच सामायिक डीबग ॲडॅप्टर प्रोटोकॉल आहे, निओव्हिम आणि ईमॅक्समध्येही त्याची क्लायंट आहेत. अटीचा ब्रेकपॉइंट, थांबल्याशिवाय मजकूर छापणारा लॉगपॉइंट, सगळं मिळतं.

ब्रेकपॉइंट राखाडी राहून लागत नसेल तर क्रमाने बघा. सी++ डीबग माहितीसह कम्पाइल झालं आहे का? ऑप्टिमायझेशन चालू असेल तर ब्रेकपॉइंट भलत्या ओळीवर सरकतो आणि व्हेरिएबलच्या जागी "ऑप्टिमाइझ्ड आउट" दिसतं. कंटेनरमध्ये बिल्ड केलं असेल तर तिथला पाथ आणि तुमच्याकडचा पाथ वेगळे असतात. लाँच कॉन्फिगमध्ये पाथची जोडी द्यावी लागते. पायथनमध्ये लायब्ररीच्या आत पाऊल पडत नसेल तर "जस्ट माय कोड" फॉल्स करा, मुळात ते ट्रू असतं.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, फार कामाचं लिहिलंत. एक पुरवणी: सोर्समध्ये किंवा रिसोर्स फाइल्समध्ये देवनागरी मजकूर असेल तर निवडीवर परिणाम होतो का?

बिंदुसार

होतो, आणि आपल्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

"क्षि" घ्या. डोळ्यांना एक अक्षर, युनिकोडमध्ये चार घटक: क, हलंत, ष, इकार. यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट, यूटीएफ-१६ मध्ये चार एकक. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल मुळात स्तंभ यूटीएफ-१६ एककांत मोजतो, ३.१७ या आवृत्तीपासून एडिटर आणि सर्व्हर दुसरी मोजणी आपसात ठरवू शकतात. एखादं प्लगिन चुकून बाइट मोजत असेल तर देवनागरी स्ट्रिंगनंतरच्या कोडखालची लाल रेघ भलतीकडे सरकते, आणि नाव बदलताना चुकीच्या जागी काट बसते. हे दिसलं तर कॉन्फिगमध्ये डोकं घालण्याआधी देवनागरी काढून तीच ओळ तपासा. दोष लगेच समजतो.

टर्मिनलमध्ये अक्षरं ठरावीक चौकटींच्या जाळीत बसवली जातात. जोडाक्षरं तुटणं, कर्सर एका जागी आणि अक्षर दुसऱ्या जागी, हा प्रामुख्याने टर्मिनलचा दोष आहे, व्हिमची सेटिंग्ज बदलून तो जात नाही. मराठी मजकूर बराच वेळ लिहायचा असेल तर खिडकीवाला एडिटर किंवा आयडीई घ्या.

जावाच्या प्रॉपर्टीज फाइल्स जावा ८ पर्यंत आयएसओ ८८५९-१ म्हणून वाचल्या जात; जावा ९ पासून रिसोर्स बंडल यूटीएफ-८ धरतं. आयडीईचं प्रॉपर्टीज फाइल्ससाठीचं एन्कोडिंग सेटिंग वेगळं असतं, ते प्रोजेक्टच्या जावा आवृत्तीशी जुळवा. नाही जुळवलं तर पडद्यावर मराठीच्या जागी अगम्य चिन्हं येतात.

पाठशोधक

टीमचा प्रश्न राहिला होता. हत्यार वेगळं असल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते फॉरमॅटिंग आणि बिल्ड कुणा एकाच्या हत्यारात दडून बसल्यामुळे. रेपोमध्ये एडिटर कॉन्फिग फाइल ठेवा (इंडेंट, ओळीचा शेवट, एन्कोडिंग), फॉरमॅटरची आवृत्ती पक्की करा, आणि फॉरमॅटिंग कमांडने चालेल असं ठेवा, म्हणजे सीआयमध्येही (पुश केल्यावर आपोआप होणाऱ्या बिल्ड-तपासणीत) तेच तपासता येईल. क्लँग फॉरमॅटच्या दोन आवृत्त्या एकाच कॉन्फिगवर वेगळा निकाल देऊ शकतात. दोन सहकारी "सेव्ह करताना फॉरमॅट" चालू ठेवून एकमेकांचे बदल उलटवत बसतात, त्याचं कारण हेच.

इंटेलिजेच्या आयडिया फोल्डरमधली वर्कस्पेस फाइल कधीही कमिट करू नका, ती व्यक्तिगत असते. कोड स्टाइल किंवा रन कॉन्फिगरेशन्स वाटायची असतील तर तेवढ्याच फाइल्स निवडून घाला.

आणि जावामध्ये एक खास गोष्ट: एक्लिप्सचा कम्पायलर जावासी (जावाचा नेहमीचा कम्पायलर) याच्यापेक्षा वेगळा आहे. जेनरिक्सच्या गुंतागुंतीच्या ओळी एकात चालतात आणि दुसऱ्यात अडतात असं अधूनमधून होतं. व्हीएस कोडमध्ये लाल रेघ नाही म्हणून सीआय पार होईलच असं धरू नका. पुश करण्याआधी ग्रेडल चालवा.

निळाकर्सर

परवान्यांकडेही लक्ष द्या. व्हीएसकोडियम किंवा इतर फोर्क (व्हीएस कोडच्या खुल्या सोर्सवरून बनवलेले एडिटर) वापरणार असाल तर मायक्रोसॉफ्टचं सी++ एक्स्टेन्शन आणि पायथनसाठीचं पायलान्स यांचे परवाने मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांपुरते आहेत. फोर्कमध्ये क्लँगडी आणि पायराइट किंवा त्याचा एखादा मुक्त पर्याय घ्या. जेटब्रेन्सचे वेबस्टॉर्म आणि रायडर हे आयडीई ऑक्टोबर २०२४ पासून अव्यावसायिक वापराला मोफत आहेत, पण त्या परवान्यात वापराची निनावी आकडेवारी पाठवणं बंद करता येत नाही. पगारी कामाला तो परवाना चालत नाही हे सांगायला नकोच.

एडिटर एकाएकी मंद झाला तर एक्स्टेन्शन्स एकेक करून बंद करत बसू नका. व्हीएस कोडमध्ये "एक्स्टेन्शन बायसेक्ट" आहे: दर खेपेला निम्मी बंद करतो आणि दोष आहे का विचारतो. ३० एक्स्टेन्शन्स असली तरी पाचेक खेपांत दोषी सापडतं. मुळात ३० असावीत का, हा प्रश्न वेगळा. प्रत्येक एक्स्टेन्शन तुमच्या खात्याच्या पूर्ण अधिकारांनिशी चालतं, त्यामुळे टाकण्याआधी प्रकाशक कोण ते बघायला हवं.

कंसपूर्ण

व्हिमची बोटांना सवय असलेल्यांनी फक्त त्यासाठी आयडीई टाळू नये. इंटेलिजेमध्ये आयडियाव्हिम आहे, त्याची स्वतःची आरसी फाइल असते आणि त्यात आयडीईच्या कृतीही कळांना बांधता येतात. व्हीएस कोडमध्ये दोन पर्याय आहेत: एक व्हिमची नक्कल करतं, दुसरं मागे खरं निओव्हिम चालवतं. व्हिमची गुंतागुंतीची कॉन्फिग आणि मॅक्रो वापरत असाल तर दुसरं घ्या.

अर्धविराम

या रेपोसाठी असं ठरवतो आहे: जावाला इंटेलिजे, ८ जीबीवाल्यांनी फक्त आपलं मॉड्यूल उघडायचं. सी++ आणि पायथनला ज्याला जे हवं ते, पण कम्पाइल कमांड्सची फाइल आणि पायराइटची कॉन्फिग यांची पायरी सेटअप स्क्रिप्टमध्येच. सर्व्हरवर व्हिम.

एक अडचण उरली. गिटचा एडिटर म्हणून व्हीएस कोड ठेवला की खिडकी उघडते, पण लिहिण्याआधीच "रिकाम्या संदेशामुळे कमिट रद्द" असं येतं.

हळूवार

कोड ही कमांड खिडकी उघडून लगेच परत येते. गिटला वाटतं लिहून झालं, आणि तो फाइल वाचतो तर ती रिकामी. गिटच्या कोअर एडिटर सेटिंगमध्ये कोडच्या पुढे "वेट" हा झेंडा जोडा. मग टॅब बंद होईपर्यंत गिट थांबतो.